ताडपत्रीखालचा भराव

जबाब देणार : खरे नाव मूळ प्रतीवर लिहून घेतले आहे, बांधकामाच्या साइटवर ‘रोलरवाल्या ताई’ म्हणून ओळखतात. वय अठ्ठावन्न. धंदा भरावाचे आणि रस्त्याचे रोलर भाड्याने देणे. राहणार मशीनच्या शेडवरच्या दोन खोल्यांत.

मी आज दुपारी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, समक्ष बसून सांगते ते असे. मला कोणी बोलावलेले नाही. काल सकाळी गोदामाच्या साइटवर डंपर उलटला आणि मुकादम त्याखाली सापडला, त्याबद्दल माझ्या भावाने फिर्याद दिली आहे. ती मला कोणी वाचून दाखवली नाही, पण तिच्यातला मजकूर काल संध्याकाळपासून साइटवरच्या कुत्र्यांनाही पाठ झाला आहे. भराव दगडासारखा घट्ट होता आणि डंपरचा चालक पेंगत होता, असे त्यात आहे. एका वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत.

फिर्यादी माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. लेखनिकांनी नाते विचारले म्हणून सांगितले. लहानपणी त्याचा शेंबूड मी पुसलेला आहे. हे वाक्य घ्यायची गरज नाही असे लेखनिक म्हणाले. मी म्हणाले, घ्या, कारण उद्या कोणी म्हणेल की बहीण वैरापोटी बोलली. वैर बरोबरीच्या माणसाशी असते.

वडिलांच्या मागे दोन रोलर आणि एक ट्रक उरला होता. रोलर मी घेतले, ट्रक भावाने घेतला. ट्रकचे डंपर झाले, डंपरांची कंपनी झाली आणि कंपनीचा शेठ झाला. रोलर रोलरच राहिले. ते मी स्वतः चालवू शकते आणि अजूनही चालवते. भावाला आता गाडीचे दारसुद्धा दुसऱ्याने उघडून द्यावे लागते.

सदरची जागा गोदामाच्या मागच्या आवाराची आहे. तिथे जमीन एका बाजूला उतरते. उताराच्या टोकाला काँक्रीटची संरक्षक भिंत बांधून तिच्या आतला खड्डा मातीने भरून वर आणायचा आणि त्यावर मालाच्या गाड्या उभ्या राहतील असे पक्के आवार करायचे, असे काम भावाच्या कंपनीने घेतले आहे. भराव एकदम ओतत नाहीत. वीतभर माती पसरायची, रोलरने दाबायची, मग पुढचा थर टाकायचा. मातीला दबायला थोडी ओल लागते. ओल बेताची असली की कण एकमेकांत नीट बसतात. ती कमी पडली तर धूळ उडते, आणि जास्त झाली तर रोलर मातीला दाबत नाही, पाण्याला दाबतो. पाणी दबत नाही. एका बाजूने रेटले की ते दुसऱ्या बाजूने वर येते. हे माझ्या भावाला चांगले ठाऊक आहे. त्याला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे म्हणजे त्याच्यावर उपकार केल्यासारखे होईल.

मागच्या पंधरवड्यात तीन दिवस सलग पाऊस झाला. भाऊ त्या वेळी बायकोला घेऊन हवा बदलायला गेला होता. साइट त्याच्या जावयाच्या ताब्यात होती. जावई इंजिनियर आहे. पदवी खरी आहे, मी पाहिली आहे, दिवाणखान्यात सोफ्याच्या बरोबर वर लावली आहे. पाऊस येणार असे दिसले की भरावाचा वरचा थर रोलर फिरवून गुळगुळीत करतात आणि एका बाजूला उतार देऊन ठेवतात, म्हणजे पाणी वरच्यावर वाहून जाते. तेवढेही जमणार नसेल तर पावसाआधी ताडपत्री घालतात. जावईबापूंनी दोन्हींतले काहीच केले नाही. माती सुटी पसरलेली होती ती तशीच राहिली, आणि तीन दिवस ती पाणी पीत बसली. विचारले तर म्हणाले, सासऱ्यांनी काही सांगितले नव्हते.

पाऊस थांबला त्या संध्याकाळी सासऱ्यांना आठवण झाली. त्यांनी फोनवरून सांगितले की भरावावर ताडपत्री घाला, आणि मी परत येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. जावयाने त्याप्रमाणे ताडपत्री अंथरली, कडांना दगड ठेवले, फोटो काढून पाठवला. आकाश निवळलेले होते. म्हणजे पाऊस पडत होता तेव्हा भराव उघडा होता, आणि ऊन पडायला लागले तेव्हा तो झाकलेला होता. त्यानंतर आठवडाभर कडकडीत ऊन पडले. त्या आठवड्यात साइटवरच्या कोणालाही ताडपत्री काढायचे धैर्य झाले नाही. शेठ आल्यावर काय म्हणतील, एवढाच प्रत्येकाचा विचार होता. खाली माती काय म्हणते आहे याची चौकशी कोणी केली नाही.

माझा रोलर त्या साइटवर होता म्हणून त्या आठवड्यात मी तिथे गेले. ताडपत्रीचा एक कोपरा उचलून पाहिला. आतून तिला घाम फुटलेला होता, थेंब धरून पाणी परत मातीत गळत होते. हात टेकला तर मनगटापर्यंत गेला. संरक्षक भिंतीला पाणी निघून जायला खाली भोके ठेवलेली आहेत, त्यांतून भर उन्हात पाणी ठिबकत होते. मी जावयाला सांगितले की ही आत्ताच्या आत्ता काढ, ट्रॅक्टरला नांगर लाव, माती उलटीपालटी करून उन्हाला लाव, तीन-चार दिवसांत वाळेल. तो म्हणाला, “आत्या, सासऱ्यांनी सांगितलंय, ताडपत्रीला हात लावायचा नाही.”

मी म्हणाले, “मग पायाने काढ.”

मुकादम बाजूला उभा होता, तो तोंडावर रुमाल धरून हसला. जावई हसला नाही. त्याने मला समजावून सांगितले की वाऱ्याने ताडपत्री फाटली तर जबाबदारी त्याच्यावर येईल. पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणतात. पण इथे घडा पालथा असूनही पाणी जिथे नको तिथे साठलेले होते. मी तिथूनच भावाला फोन लावला. पहिल्यांदा त्याने कापला. दुसऱ्यांदा म्हणाला की तू रोलर दे, अक्कल देऊ नकोस. माझ्याकडे दान करण्याइतकी जास्तीची नाही, असे सांगून मी फोन ठेवला. घरी आले. यापलीकडे त्या दिवशी मी काही केले नाही.

भाऊ परत आला त्या दिवशी सकाळीच त्याने ताडपत्री काढायला लावली, आणि त्याच दुपारी रोलर फिरवायला सांगितले. इतके दिवस ऊन पडले आहे, माती वाळली नसेल कशी, असे त्याचे म्हणणे. ऊन ताडपत्रीवर पडले होते हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तर सांगणारा दुसऱ्या दिवशी कामावर दिसला नसता. माझा ऑपरेटर, ज्याला सगळे ‘काका’ म्हणतात, तो रोलरवर होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रोलर पुढे गेला की माती मागे गादीसारखी वर उचलत होती, आणि रोलरची थरथर, म्हणजे व्हायब्रेटर, चालू केली की पाणी चमकून वर येत होते. सैल कणकेवर लाटणे फिरवल्यासारखे ते काम होते. काकाने रोलर थांबवला आणि खाली उतरून सांगितले की हे दबणार नाही.

भावाने त्यावर जो उपाय काढला तो त्याच्या हुशारीला शोभणारा होता. कोरड्या मुरमाच्या गाड्या मागवून त्याने ओल्या भरावावर बोटभर मुरूम पसरवला, आणि थरथर बंद ठेवून रोलर वरून हलकेच फिरवायला लावला. संध्याकाळपर्यंत भराव वरून असा टणक, लालबुंद, सपाट दिसायला लागला की बघणाऱ्याला तिथे बिछाना टाकून झोपावेसे वाटावे. गोदामाच्या मालकाचा माणूस आला, त्याने बुटाची टाच एकदा आपटली, आणि समाधानाने चहा पिऊन गेला. काकाने रात्री मला फोन करून हे सांगितले. रोलर माझा होता आणि फिरवणारा माझा माणूस होता. त्याबद्दल माझ्यावर काही कलम लागत असेल तर लावावे, मी कुठे पळून जाणार नाही.

काल सकाळी मी रोलर साइटवरून काढून न्यायला गेले. तिथे माझ्या डोळ्यांसमोर जे झाले ते असे. चालक मातीने भरलेला डंपर घेऊन भरावावर आला. तो भिंतीच्या बराच अलीकडे थांबला. गाडी चालू ठेवून खाली उतरला, भिंतीच्या दिशेने चालत गेला, आणि दोन-तीन ठिकाणी टाचेने जोर देऊन पाहिले. मुकादमही त्याच्याजवळ गेला. हे दोघे साडू आहेत, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघांचा डबा दुपारी एकच असतो, चालकाकडून भाजी आणि मुकादमाकडून भाकरी. चालक मुकादमाला म्हणाला की जमीन डुलते आहे, मी इथेच ओततो, पुढे ग्रेडरच्या पात्याने सारून घ्या. मुकादमाने मान हलवली.

जावई केबिनच्या दारात होता. तो म्हणाला, सासऱ्यांनी भिंतीला लागून ओतायला सांगितले आहे. चालकाने परत सांगितले की जमीन डुलते आहे. तेव्हा भाऊ स्वतः केबिनमधून बाहेर आला. त्याच्या हातात कप होता. तो तिथूनच म्हणाला, “ए पेंगण्या, जागा हो. मागे घे गाडी.”

चालक परत गाडीत बसला. मुकादम इशारा द्यायला बाजूला, आरशात दिसेल असा उभा राहिला, जसा रोज उभा राहतो. डंपर मागे गेला. मागची चाके मुरमाच्या पापुद्र्यातून खाली गेली, ती थांबलीच नाहीत. चालकाने हौदा उचललेला नव्हता, त्याला पुढे यायचे होते, मी रुतणारी चाके पुढच्या दिशेने गरगरताना पाहिली. भिंतीचा माथा बाहेरच्या बाजूला झुकला, तिच्यालगतचा भराव लापशीसारखा सरकला आणि डंपर आडवा झाला. मुकादम त्या बाजूला होता. आवाज मोठा झाला नाही. ओल्या मातीत काहीही पडले तरी आवाज मोठा होत नाही.

चालक वरच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडला आणि मुकादमाभोवतीची माती दोन्ही हातांनी उपसायला लागला. फावडे आणा, असेही तो ओरडला नाही. आम्ही फावडी आणली तरी त्याला ती दिसली नाहीत. मुकादमाला बाहेर काढले तेव्हा तो शुद्धीवर होता. कमरेखाली जे होते ते मी इथे सांगत नाही, डॉक्टरांनी सांगावे. पोलीस आले तेव्हा चालकाचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले होते. त्यांनी त्याला तशाच हातांनी पोलिसांच्या गाडीत बसवले. माझ्या भावाचे हात स्वच्छ होते. त्यांतला कप त्याने केबिनच्या पायरीवर ठेवला होता, सांडू न देता.

यावर लेखनिकांनी विचारले की चालकाला सगळे पेंगण्या का म्हणतात, मग तो पेंगत असेलच ना. त्याचा खुलासा असा. हे नाव माझ्या भावानेच ठेवले. सुरुवातीला दोघांत मिळून तोच एक वडिलांचा ट्रक होता. रात्रभर चालक ट्रक चालवायचा आणि भाऊ मागे गोणपाटांवर झोपायचा. दिवसा माल उतरताना चालकाचा डोळा लागायचा. तेव्हा झोप झालेला माझा भाऊ चार लोकांना बोलावून तो दाखवायचा, आणि बघा आमचा पेंगण्या, म्हणून हसायचा. नाव चिकटले. लोकांनी भावालाही शेठ असे नाव ठेवले आहे, पण त्यावरून मी कधी काही अनुमान काढले नाही. पेंगणारा माणूस गाडीतून उतरून टाचेने जमीन तपासत नाही. काल त्या आवारात एकच माणूस पूर्ण जागा होता, आणि तो सध्या या खोलीच्या भिंतीपलीकडे कोठडीत आहे. मी बोलते आहे तेव्हापासून तो खोकतो आहे. त्याच्या अंगावरचा शर्ट कालचाच आहे, ओला होऊन अंगावर वाळलेला.

चालकाची बायको बाहेर बाकावर डबा घेऊन बसली आहे. तिची बहीण, म्हणजे मुकादमाची बायको, हॉस्पिटलमध्ये आहे. तिला भावाच्या माणसांनी जाऊन सांगितले की गाडी चालवताना त्याला झोप लागली. काल रात्रीपासून ती बहिणीचा फोन घेत नाही, वाजला की कापते. एकदाच उचलला आणि म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला विचार, झोप झाली का त्याची.” हे चालकाच्या बायकोने मला मघाशी बाकावर सांगितले. ती रडत नव्हती. डब्याचे झाकण सारखे उघडून लावत होती. चालकाला जामीन मिळेल, वकील मिळेल, कदाचित खटल्यातून तो सुटेलही. पण त्या बाईने ते वाक्य मनात धरून ठेवले तर तो कशातूनच सुटणार नाही, म्हणून मला हा जबाब आजच्या आज द्यायचा होता.

घाईचे दुसरे कारण असे. काल अपघात होऊन मुकादमाला हॉस्पिटलात नेल्यावर आणि पोलीस निघून गेल्यावर, भावाने साइटवर दोन ट्रॅक्टर मागवले. त्यांना नांगर लावून त्याने उरलेला सगळा भराव उलटापालटा करायला घेतला. विचारले तर म्हणाला, सुरक्षेसाठी सपाटी करतो आहे. सपाटी नांगराने करतात हे मी पहिल्यांदा ऐकले. आता तपासणीसाठी सरकारी माणूस येईल, त्याच्या आधी दोन ऊन मिळाली तर माती वाळेल आणि भराव घट्ट होता हे सिद्ध होईल, एवढा साधा हिशोब होता. आठवडाभर जी गोष्ट मी सांगून सुचली नाही, ती मुकादमाचा पाय गेल्यावर तासाभरात सुचली. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणतात. पण या माणसाने झोपा अशासाठी केला की बैल कधी गोठ्यात नव्हताच असे म्हणता यावे.

आज सकाळी मी गेले तेव्हा भिंतीच्या आतल्या कोपऱ्यातला एक तुकडा नांगरायचा राहिला होता. बाकी सगळे ढेकूळ-ढेकूळ होऊन उन्हात पडलेले होते. ताडपत्री बाजूला गुंडाळून ठेवली होती. मी ती उलगडली आणि त्या तुकड्यावर घातली. जावई धावत आला. आत्या, सासरे रागावतील, असे म्हणाला. मी त्याला विचारले की त्यांनी या वेळी ताडपत्री घालू नका असे सांगितले आहे का. तो विचार करायला लागला. तो विचार करत होता तेवढ्यात मी कालच्या गोंधळात तिथेच राहिलेला माझा रोलर चालू केला, ताडपत्रीवरून मधोमध नेऊन उभा केला, चावी काढली आणि खाली उतरले. ट्रॅक्टरवाले दोघे हात बांधून बघत होते. त्यांनी नांगर परत खाली टाकला नाही.

मी पाऊण तास तिथे थांबले. तेवढ्यात रोलरचे पुढचे चाक जागच्या जागी वीतभर रुतले. कोणी ढकलले नाही, कोणी चालवले नाही. नुसत्या रोलरच्या वजनाने ते खाली गेले. फिर्यादीत ज्या भरावाला दगडासारखा घट्ट म्हटले आहे तो हाच भराव. हातच्या काकणाला आरसा कशाला, पंचनाम्याला जाणाऱ्या साहेबांनी फूटपट्टी नेली तरी पुरे. तोपर्यंत चाक आणखी खाली गेले असेल. रोलर आता क्रेनशिवाय निघणार नाही. माझ्याकडे दोनच रोलर आहेत, त्यांतला हा चांगला.

जबाब इथपर्यंत आला असता माझा भाऊ ठाण्यात आला. आधी त्याने शिपायाबरोबर निरोप पाठवला की ताईला म्हणावे, घरात बोलू. मी लेखनिकांना पुढे लिहायला सांगितले. मग तो स्वतः दारात उभा राहिला. अंगावर इस्त्रीचे कपडे होते. बाकावर बसलेल्या बाईकडे त्याने पाहिले नाही. त्याने मला विचारले, “ताई, सख्ख्या भावाला आत घालणार तू?”

मी म्हणाले, “आत कोणीतरी आहेच. तो माणूस चुकीचा आहे, एवढंच सांगतेय.”

त्यावर तो म्हणाला की आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्याचा राग आला नाही. लहानपणी काच फोडल्यावर शेजारच्या पोराकडे बोट दाखवताना त्याचा चेहरा असाच व्हायचा, आणि तेव्हाही मीच खरे सांगायचे. फरक एवढाच की तेव्हा तो नंतर रडायचा. लेखनिकांनी त्याला बाहेर बसायला सांगितले. बाहेर एकच बाक आहे आणि त्यावर चालकाची बायको बसली होती, म्हणून तो उभाच राहिला.

रोलरची चावी मी जबाबासोबत टेबलावर ठेवत आहे. ती ठाण्यात जमा करून घ्यावी. रोलर तिथून हलायचा असेल तर पोलिसांसमोर हलेल, आणि त्याखालची माती पोलिसांसमोर उकरली जाईल. कोठडीतल्या माणसाला प्यायला पाणी आणि कोरडा शर्ट द्यावा, हे जबाबात बसत नसेल तर बाजूला लिहावे.

वरील जबाब लेखनिकांनी मला वाचून दाखवला. त्यांचा आवाज मुळात बारीक आहे. मोठ्याने वाचावा असे मी सांगितले, कारण कोठडीची भिंत वरच्या भागात जाळीची आहे. एका पानावर त्यांनी भरावाबद्दलच्या ‘ओल्या’ या शब्दाच्या जागी ‘किंचित ओलसर’ असे लिहिले होते, ते खोडून दुरुस्त केले. बाकी मी सांगितले तसे आहे आणि खरे आहे, म्हणून खाली सही केली.

सहीनंतर घातलेली पुरवणी : वाचन चालू असताना चालकाची बायको बाकावरून उठून दारात आली. तिने हातातला फोन लेखनिकांच्या दिशेने उंच धरला होता. फोन लागलेला होता, आणि हॉस्पिटलमध्ये बहिणीच्या बाजूने तो चालू होता. चालकाने उतरून टाचेने जमीन पाहिली हा भाग आला तेव्हा लेखनिकांनी मला न विचारता तो दोनदा वाचला. वाचन संपेपर्यंत तो फोन कोणी कापला नाही. एवढे पाहिलेले आहे, म्हणून सांगितले.